विझलेल्या नंदादीपापुढे

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभी राहिली की आम्हां कीर्तनकारांस उसंत म्हणून नसते. गोदातीरीच्या आमच्या या नाशिक क्षेत्री काळारामाचे वासंतिक नवरात्र सुरू होते, नवमीस माध्यान्ही रामजन्माचा गुलाल उधळतो आणि कामदा एकादशीस रथ निघतो. याच दिवसांच्या मागेपुढे बहुधा आमच्या ख्रिस्ती बांधवांचा पवित्र आठवडा येतो. २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरून तिच्यापुढचा पहिला रविवार तो ईस्टर, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार तो गुड फ्रायडे. म्हणजे आपल्या सणांप्रमाणे हाही सण चंद्राचे बोट धरूनच येतो. त्या शुक्रवाराविषयी, आणि त्या दिवशी आम्ही पाहिलेल्या एका विझलेल्या दिव्याविषयी, आज चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिन्यात आमची सहधर्मचारिणी निवर्तली. तीन महिन्यांनी चैत्र आला. परंपरेची सेवा चुकू नये म्हणून आम्ही कीर्तनास उभे राहिलो. पूर्वरंग झाला, आख्यान रंगले, पाळणा हलला, श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी आले. आमच्या अंतरी मात्र सारे कोरडे ठणठणीत. ज्याचे नाव चाळीस वर्षे गायिले तो कोठे दूरदेशी निघून गेला आहे आणि आपण त्याच्या रिकाम्या घरासमोर उभे राहून त्याच्या वैभवाचे वर्णन करीत आहो, असे वाटले. कीर्तनकाराने हे बोलावे तरी कोणापाशी? श्रोत्यांपाशी बोलावे तर त्यांची श्रद्धा डळमळेल. घरी बोलावे तर ऐकणारे माणूस उरले नव्हते.

एका निवृत्त ख्रिस्ती शिक्षकांशी आमचा जुना स्नेह आहे. आम्ही त्यांस मास्तर म्हणतो, ते आम्हांस बुवा म्हणतात. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला त्यास तेव्हा पुष्कळ वर्षे लोटली होती. त्यांच्यापाशी आम्ही मन मोकळे केले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच म्हणाले, "बुवा, उद्या शुक्रवार आहे. दुपारी तीनला माझ्याबरोबर आमच्या देवळात या. आमच्या वर्षात एक दिवस असा आहे की देव घरी नाही असे वाटावे. तो दिवस तुम्ही एकदा पाहा."

आम्ही गेलो. कॅथलिक पंथाच्या चर्चमध्ये वेदीनजीक एक लहान देव्हारा असतो. त्यात पवित्र भाकरीचा प्रसाद ठेवतात आणि त्यात प्रत्यक्ष ख्रिस्ताचे सान्निध्य आहे असे ते मानतात. म्हणून त्यापुढे आपल्या नंदादीपासारखा एक दिवा अहोरात्र तेवत असतो. त्या दिवशी त्या देव्हाऱ्याचे दार सताड उघडे होते आणि आत काही नव्हते. आदल्या रात्रीच तो प्रसाद तेथून हलवितात. दिवा विझलेला होता. वेदीवर ना वस्त्र, ना मेणबत्ती, ना फूल. गुरुवारच्या उपासनेत मध्येच ज्या घंटा थांबतात, त्या शनिवारच्या रात्रीपर्यंत वाजत नाहीत. वर्षातील इतर दिवशी होणारा मिस्सा हा मुख्य विधी त्या दिवशी होत नाही. धर्मगुरू आले ते एक अक्षर न उच्चारता वेदीपुढे पालथे पडले. आपल्या लोटांगणासारखेच ते; परंतु ते रिकाम्या वेदीपुढे घातलेले. सारी मंडळी गुडघे टेकून निःशब्द. आम्ही मागच्या बाकाशी उभे होतो. आमच्या मनाची जी अवस्था आम्ही महिनाभर लपवून ठेविली होती, ती येथे शेकडो माणसांसमोर उघडी मांडून ठेविली आहे, असे आम्हांस वाटले.

बाहेर आल्यावर मास्तरांस विचारले, "हा दिवस दुःखाचा, हे ठाऊक होते. पण देव्हारा रिकामा कशासाठी?" त्यांनी जे सांगितले आणि पुढे आम्ही स्वतः वाचून जे जाणले, ते थोडक्यात असे.

ख्रिस्ती माणसाच्या शास्त्रात देव दूर गेल्याचा सर्वांत मोठा आक्रोश एखाद्या पाप्याच्या वा नास्तिकाच्या मुखी घातलेला नाही. तो स्वतः येशूच्या मुखी आहे. मत्तय आणि मार्क या दोन शुभवर्तमानकारांनी लिहिले आहे की माध्यान्हापासून दिवसाचा तिसरा प्रहर सरेतो भूमीवर अंधार पडला आणि वधस्तंभावरील येशूने मोठ्याने हाक मारून, तू मला का सोडलेस, असे आपल्या देवास विचारले. ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिताना त्यांनी हे एक वाक्य येशूच्या मातृभाषेतच, म्हणजे अरामी भाषेत, जसेच्या तसे जपून ठेविले. भक्तांना अडचणीत टाकील असे हे वाक्य गाळणे सोपे होते. त्यांनी ते गाळले नाही. आपल्याकडे ही कथा काही नवी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणाच्या सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत ती आपल्याच छंदात आली आहे.

त्या आक्रोशाचे शब्दही येशूचे स्वतःचे नव्हेत. इस्राएली लोकांच्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतील बाविसाव्या स्तोत्राचा तो आरंभ होय. मरणवेळी आपल्या तोंडी लहानपणापासूनचे पाठ यावेत, तसे ते आले. या स्तोत्रसंहितेत स्तुती आहे तशी तक्रारही आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. तेरावे स्तोत्र तर इतके लहान, पण त्यात भक्त देवाला 'किती काळ' म्हणून चार वेळा विचारतो. बाविसावे स्तोत्र आक्रोशाने उघडते आणि स्तुतीने मिटते. परंतु अठ्ठ्याऐंशीव्याच्या शेवटीही उजेड नाही. मूळ हिब्रूत त्याचे शेवटचे पदच अंधार हे आहे. आणि नवल असे की हेच स्तोत्र कॅथलिक धर्मगुरू आणि मठवासी आजही दर शुक्रवारी रात्री निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत म्हणतात. ज्याचे मन त्या दिवशी प्रसन्न असेल त्यानेही ते म्हणावयाचे. कारण त्या रात्री कोणाचे तरी मन अंधारात असते आणि त्याच्या वतीने कोणी तरी बोलावे लागते.

येथे एक बारीक भेद आहे. देवाविषयी तक्रार करणे वेगळे आणि देवापाशी तक्रार करणे वेगळे. पहिल्यात माणूस पाठ फिरवून बोलतो, दुसऱ्यात तोंड करून बोलतो. स्तोत्रकर्ता म्हणतो की तू ऐकत नाहीस; पण हे तो त्यालाच ऐकवितो. ज्यावर विश्वास उरला नाही त्याला कोणी जाब विचारीत नाही.

आपल्या वाचकांस हे ओळखीचे वाटेल. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात रासाच्या मध्येच भगवंत अंतर्धान पावतात आणि गोपी वृक्षवेलींना त्यांचा ठावठिकाणा विचारीत वनोवन हिंडतात. देहूच्या तुकोबांनी इंद्रायणीकाठी तेरा दिवस धरणे धरल्याची कथा आम्हीही कितीदा लाविली आहे. तथापि दोन्ही गोष्टी एकच, असे म्हणण्याची आम्हांस घाई नाही. भागवतातील विरह ही प्रेमाची लीला आहे. ख्रिस्ती भक्त म्हणतो की आमच्या देवाने एकाकीपण दुरून पाहिले नाही, तो स्वतः त्यात उतरला. म्हणून त्या खोल विवरात आम्ही पडलो तरी तेथेही तो आमच्या आधी जाऊन आला आहे. ही त्यांची श्रद्धा आहे, आणि ती जशी आहे तशीच समजून घेणे हे सौजन्य होय.

या अंधाराचे सूक्ष्म शास्त्र लिहिले ते स्पेन देशातील कार्मेल संघाच्या एका संन्याशाने. त्याचे नाव ह्वान दे ला क्रूझ, म्हणजे क्रूसाचा संत योहान. जन्म १५४२, मृत्यू १५९१. संघाचे आचरण कडक व्हावे म्हणून तो झटला, तेव्हा संघातीलच विरोधकांनी त्यास १५७७ च्या डिसेंबरात पकडून टोलेडो नगरीच्या मठात कोंडले. खोली इतकी अरुंद की माणसाने कसेबसे आडवे व्हावे. उजेडास वर एक फट. तेथे सुमारे नऊ महिने काढून १५७८ च्या ऑगस्टात तो निसटला. त्या कोंडवाड्यात त्याने देवाच्या विरहाचे काव्य रचिले, आणि पुढे 'आत्म्याची अंधारी रात्र' या नावाने जो ग्रंथ प्रसिद्ध आहे त्यात या अवस्थेची चिकित्सा केली.

त्याचे म्हणणे असे की साधनेच्या आरंभी देव साधकास गोडी लावतो, आई तान्ह्यास अंगावर पाजते तशी. मूल वाढले की ती त्यास खाली ठेविते आणि आपल्या पायांनी चालावयास लावते. मुलाला वाटते की आईने टाकले. वस्तुतः ती त्यास मोठे करीत असते. दुसरा दृष्टान्त त्याने लाकडाचा दिला आहे, आणि ज्यांच्या घरी चूल पेटत होती त्या आमच्या भगिनींस तो सांगावयास नको. ओले लाकूड चुलीत सारले की ते लगेच उजळत नाही. आधी त्यातील पाणी सुसकारत बाहेर येते, धूर डोळ्यांत जातो, लाकूड पूर्वीपेक्षा काळे आणि ओंगळ दिसू लागते. अग्नीने त्याचा नाश मांडला आहे असे वाटावे. शेवटी ते लाकूड स्वतःच अग्नी होते. धूर झाला म्हणून अग्नी दूर आहे असे म्हणू नये. अग्नी लागला म्हणूनच धूर झाला.

मात्र हा संन्यासी भोळा नव्हता. मनाचा प्रत्येक कोरडेपणा म्हणजे देवाची कृपा, असे तो म्हणत नाही. त्याने तीन खुणा दिल्या आहेत. पहिली, देवाधर्माच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण संसाराच्या करमणुकीतही वाटत नाही; कारण करमणुकीत मन रमत असेल तर ती नुसती आळसाची सुस्ती असू शकेल. दुसरी, आपण देवाची सेवा चुकवीत आहो ही टोचणी सतत लागून राहते. तिसरी, पूर्वीसारखे चिंतन करू म्हटले तरी मन वळत नाही. तिन्ही एकत्र असतील तर भिऊ नये. शरीराच्या व्याधीने वा मनाच्या खिन्नतेनेही अशी अवस्था येते, हेही त्याने तेव्हाच ओळखले होते. आजच्या काळी आम्ही एवढे जोडू की अन्न गोड लागत नसेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वैद्यास दाखविण्यात श्रद्धेचा काही कमीपणा नाही. औषधही त्याच्याच सृष्टीतले.

चारशे वर्षांपूर्वीच्या स्पेनमधली ही कथा कोणास दूरची वाटेल. म्हणून आपल्या देशातील, आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण सांगतो. १९१० साली स्कोप्ये येथे जन्मलेल्या, १९२९ च्या आरंभी भारतात आलेल्या मदर तेरेसा. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगकडे जाताना आगगाडीत त्यांस दीनातिदीनांच्या सेवेची हाक ऐकू आली. १९५० साली त्यांच्या संघास मान्यता मिळाली. १९५२ साली कालीघाटाच्या देवळाला लागून असलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत मरणोन्मुखांसाठी निर्मल हृदय सुरू झाले. १९७९ चे नोबेल पारितोषिक जगाने पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू तर घरोघरी पोचले.

जगास जे दिसले नाही ते २००७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, त्यांची खासगी पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा कळले. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांत त्यांनी आपल्या मार्गदर्शक धर्मगुरूंना वारंवार कळविले होते की आत सारा अंधार आहे, प्रार्थना करू जाता कोणी ऐकत आहे असे वाटत नाही, देवाला आपण नकोशा झालो आहोत असे वाटते. जी हाक ऐकून त्या घराबाहेर पडल्या, ती हाक सेवा सुरू होताच जणू थांबली. १९५८ साली काही आठवडे उजेड पडला, आणि पुन्हा अंधार. तो १९९७ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, राहिला असे त्या पत्रांचे संपादक सांगतात. पत्रे छापली गेली तेव्हा काहींनी म्हटले की ही बाई आतून अश्रद्धच होती. आम्हांस तसे वाटत नाही. देव नाही असे ज्यास ठरविता आले त्यास इतकी व्याकुळता कशाची?

या कथेचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. फादर जोसेफ नॉयनर हे ऑस्ट्रियात जन्मलेले जेझुइट धर्मशास्त्रज्ञ पुण्यात वर्षानुवर्षे अध्यापन करीत होते आणि २००९ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी, पुण्यातच निवर्तले. १९६१ साली मदर तेरेसांनी आपली अवस्था त्यांस लिहून दिली. त्यांनी जे समजाविले त्याचा आशय असा. या अंधारावर मनुष्याच्या हाती उपाय नाही. तेव्हा आपलेच काही चुकले म्हणून स्वतःस छळू नये. देवाचे सान्निध्य जाणवणे हाच त्याच्या सान्निध्याचा एकमेव पुरावा नव्हे. आणि देवाची जी तहान जिवाला लागली आहे, तीच तो अंतरी असल्याची खूण आहे. जो नाहीच त्याची तहान लागत नाही. या बोलण्याने अंधार गेला नाही. परंतु त्या अंधाराशी मदर तेरेसांचे वैर संपले. तो आपल्या कामाचाच भाग, दीनदुबळ्यांच्या एकाकीपणातील आपला वाटा, असे त्या मानू लागल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या नेहमीप्रमाणे उठल्या, प्रार्थनेस बसल्या आणि कामास गेल्या.

हीच या मार्गातील शोधाची रीत. भावना परत येवो न येवो, नियम सोडू नये. स्वतःचे शब्द आटले असतील तर पूर्वजांचे शब्द उसने घ्यावेत. स्तोत्रे त्यासाठीच आहेत. एकट्याने सोसू नये, एखाद्या जाणत्यापाशी सांगावे. आणि देव ध्यानात भेटत नसेल तर माणसांत शोधावा, कारण भुकेल्यास दिलेले अन्न आणि आजाऱ्याची केलेली विचारपूस आपणांसच पोचते असे येशूने सांगितले आहे.

लूकच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानाच्या दिवसाची एक कथा आहे. दोन शिष्य यरुशलेमेतून अम्माऊस नावाच्या गावाकडे निघाले होते. गुरू गेला, आशा संपली, असे बोलत चालले होते. वाटेत एक अनोळखी पांथस्थ सोबत झाला. तो स्वतः येशूच होता. त्यांना ओळख पटली नाही. गाव आले तेव्हा दिवस कलला होता, म्हणून त्यांनी त्यास आग्रहाने घरी ठेवून घेतले. पानावर बसल्यावर त्याने भाकरी मोडून दिली, आणि त्या क्षणी त्यांचे डोळे उघडले. तो गेला असे ते ज्यास सांगत होते तोच सारी वाट त्यांच्या शेजारून चालत होता. आणि सांजवेळी दाराशी आलेल्या परक्याला त्यांनी जाऊ दिले असते, तर ते त्यांना कधी कळलेही नसते.

त्या शुक्रवारी परत येताना आम्ही मास्तरांस विचारले होते, "मुलगा गेल्यानंतर तुम्हांस काय वाटले?" ते म्हणाले, "बुवा, सहा-सात वर्षे काहीही वाटले नाही. दर रविवारी जात होतो, बाकावर बसत होतो, उठून येत होतो." "मग जात कशासाठी होता?" मास्तर जरा थांबले. म्हणाले, "तो घरी नाही म्हणून आपणही घर सोडून गेलो, तर तो परत आल्यावर दार कोण उघडणार?"

शनिवारी रात्री त्यांनी आम्हांस पुन्हा नेले. चर्चमधील सारे दिवे मालविलेले. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटविला, त्यावर एक थोर मेणबत्ती लाविली आणि ती अंधारात आत नेली. तिच्यावरून एकाने आपली मेणबत्ती लाविली, त्याच्यावरून शेजाऱ्याने. मास्तरांनी आपली ज्योत आमच्या हातातील मेणबत्तीस लाविली. पुढे घंटा वाजल्या. आमच्या मनात काही लखलखाट झाला असे सांगितले तर ते असत्य होईल. कोरडेपणा त्यानंतरही दीड वर्ष राहिला.

परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आपल्या देवघरात गेलो. घरातले माणूस गेल्यापासून तेथील समई लागली नव्हती. पूजा कशीबशी उरकत होतो. त्या दिवशी समई घासली, तेल घातले, वात केली, आणि मूर्तीपुढे बसून प्रथमच मोकळेपणी म्हणालो की आम्हांस तुझा राग आला आहे. मग नेहमीची संध्या केली. पहाटेची वेळ ती, गोदेवर स्नानास निघालेल्यांची पावले बाहेर वाजत होती. समई मात्र त्या दिवसापासून रोज लागते.